खुर्चीखालची जागा

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

“कंटाळा यायला लागला म्हणजे समजायचं, हात शिकला.”

लग्न होऊन मी या घरात आले, त्या पहिल्या उन्हाळ्यात पप्पा मला असं म्हणाले होते. पप्पा म्हणजे माझे सासरे, थॉमस. वेताच्या खुर्च्या विणायचे. मी तिसरी का चौथी खुर्ची विणत होते आणि जांभई काही केल्या आवरत नव्हती. लाजून तोंडावर हात धरला, तर ते हसले आणि हे म्हणाले. मला ती शाबासकी वाटली. रात्री नवऱ्याला, नॅथनना, कौतुकाने सांगितलीसुद्धा. त्यांनी कूस बदलली.

आज सकाळी पुन्हा तशीच जांभई आली आणि मनात आलं, हात शिकला हे ठीक, पण त्यानंतरची वर्षं माणसाने कशी काढायची ते पप्पांनी सांगितलंच नाही. आता ते विचारायलाही नाहीत.

कोणाशी तरी बोलावं म्हणून ही वही काढली. दिवसभर घरात मी आणि खुर्च्या. चर्चच्या हॉलमधल्या सगळ्या जुन्या खुर्च्या आल्यात. बाहेरच्या खोलीत एकीवर एक रचल्यात, दाराशी चप्पल काढायला जागा नाही. नाताळच्या आत विणून द्यायच्यात. चर्चच्या मंडळीचं काम म्हणून मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं. तो उत्साह दुसऱ्या खुर्चीला संपला.

हे काम आमच्या घरात नेहमी दोघांनी करायची रीत. खुर्ची दोन घडवंच्यांवर ठेवायची. एकाने वर स्टुलावर बसून वेताची पट्टी भोकातून खाली सोडायची, दुसऱ्याने खाली पाटावर बसून ती ओढून ताणायची आणि शेजारच्या भोकातून परत वर द्यायची. “दिली.” “घेतली.” पप्पा आणि सासूबाई असंच करायचे, पुढे सासूबाईंच्या जागी हन्नाताई आली आणि पप्पांच्या जागी मी. हन्नाताई म्हणजे माझी नणंद, नॅथनची मोठी बहीण. ती खालची, मी वरची. जूनमध्ये तिला राहात्याला मुलींच्या बोर्डिंगमध्ये मेट्रनची नोकरी लागली. या वयात लागली म्हणून सगळ्यांनाच आनंद झाला. मलाही झाला.

आता मीच वरची आणि मीच खालची. पट्टी सोडायची, वाकायचं, खाली चाचपडायचं, ओढायचं, पुन्हा सरळ व्हायचं. पण खरं सांगायचं तर कंबरेचं दुखणं हे काही कारण नाही. कंटाळा आलाय. कामाचाच. एवढं लिहिलं आणि पप्पांच्या फोटोकडे बघवेना.


गुरुवार, १६ ऑक्टोबर

जागा बदलून पाहिली. घडवंच्या मागच्या गॅलरीत नेल्या. तिथे कबुतरं. पुन्हा बाहेरच्या खोलीत आणल्या.

मोबाईलवर प्रवचन लावलं. पाळकसाहेब सांगत होते, प्रत्येक काम प्रभूसाठी करतोय असं समजून करा. माझी पट्टी तुटली.

मग चिक्की आणली. एक ओळ झाली की एक तुकडा, असं ठरवलं. अकरा वाजेपर्यंत चिक्की संपली, ओळी तिथेच.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

शेजारची राजनंदिनी दिवाळीचा फराळ घेऊन आली. खुर्च्यांमधून वाट काढता काढता तिच्या साडीचा काठ खिळ्यात अडकला.

“एंजेलाताई, घर आहे का लग्नाचं कार्यालय?”

मी हसले. तिने शंकरपाळ्याचा डबा माझ्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “बरं, ऐका. माझ्या बहिणीचं एमआयडीसीत पॅकिंगचं काम आहे ना मसाल्यांचं, तिला बायकांवर लक्ष ठेवायला एक समजूतदार बाई पाहिजे. एक जानेवारीपासून. मी तुमचं नाव सांगितलंय.”

“मला काय कळतं मसाल्यातलं?”

“कळायचं काय? उभं राहायचं, बोलायचं. तुम्हाला बोलायला आवडतं. इथं कोणाशी बोलता, भिंतीशी?”

डिसेंबरच्या सुरुवातीला सांगते, म्हटलं. ती गेल्यावर नॅथनना सांगितलं. नॅथन शाळेची व्हॅन चालवतात. सकाळची फेरी करून दहाला येतात आणि दुपारच्या फेरीपर्यंत आतल्या खोलीत कॉटवर पडून असतात. मोबाईल पोटावर, डोळे छताला.

“जायचं असेल तर जा,” ते म्हणाले.

“आणि खुर्च्या?”

“खुर्च्यांचं काय. खुर्च्या काय, कशानेही विणता येतात.”

बस्स, एवढंच. त्यांच्या वडिलांचा धंदा, आणि त्यांना काही वाटत नाही. पप्पा होते तेव्हाही ते कधी पट्टीला हात लावत नसत. आम्ही दोघी कामाला बसलो की आत टीव्हीचा आवाज वाढायचा. हन्नाताई म्हणायची, “नाथाला आपली कटकट नको असती.”


शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

पट्टी भोकात रोवून धरायला ज्या बांबूच्या खुंट्या लागतात त्या झिजून बोथट झाल्या होत्या. आज डब्यात हात घातला तर पंधरा-वीस नव्या, छान तासलेल्या. हन्नाताई जाण्याआधी करून गेली असणार. आणि मला आज दिसल्या! तिचा जीव लागलेला आहे अजून या कामात. डोळे भरून आले.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज आश्चर्यच झालं. एक खुर्ची सकाळी सुरू केली आणि दुपारी जेवणापूर्वी पूर्ण! अलीकडे एकेका खुर्चीला तीन तीन दिवस लागत होते.

कशाने झालं त्याचा विचार करतेय. एक तर वेत आज चांगला मऊ होता. बादलीतलं पाणी कोमट होतं, मी बहुतेक चुकून बंबातलं घातलं असावं. तेच कारण. थंड पाण्यात भिजवलेला वेत थंडीत ताठच राहतो, हे पप्पाही म्हणायचे.

मधे हन्नाताईचा फोन आला होता. हात गुंतलेले म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून खुर्चीखाली पाटावर ठेवला. तिच्या बोर्डिंगमधल्या दोन मुलींनी मध्यरात्री पेरूच्या बागेत शिरून पेरू तोडले आणि बागवाल्याने पहाटे येऊन तिच्यापुढे टोपली ठेवली.

“म्हनतो कसा, मॅडम, पोरींनी कच्चे तोडले, हे पिकलेले ठेवून घ्या. आता मी रागवू का आभार मानू?”

“मग काय केलंस?”

“आभार मानले. मंग पोरींना रागवले. मंग तिघी बसून पेरू खाल्ले.”

खूप हसलो. बराच वेळ बोलत होतो. तिकडे घंटा झाली तेव्हा तिने फोन ठेवला.

तर उद्यापासून कोमट पाणी. इतकं साधं होतं.


शनिवार, ८ नोव्हेंबर

काल आणि आज दोन्ही दिवस पाणी कोमट केलं. वेत लोण्यासारखा मऊ. चार ओळी झाल्या फक्त. काल दोन.

बहुतेक पाणी जास्त गरम झालं असेल.


शनिवार, १५ नोव्हेंबर

मंडळीचे सेक्रेटरी अमृतभाऊ आले. विणून झालेल्या खुर्च्या एका बाजूला, न झालेल्या दुसऱ्या बाजूला. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. चांगले आहेत ते. चांगला माणूस ओरडत नाही, तेच जास्त लागतं.

मग म्हणाले, “ताई, नाताळ काही ईस्टरला ढकलता येत नाही.”

“होतील भाऊ.”

“होतील हो. पण कमिटीत काही जण म्हणतात, प्लायवूड ठोकून टाकू. एक सुतार दोन दिवसांत सगळ्या करून देईल. मी म्हटलं, थॉमसकाकांच्या हातच्या खुर्च्या आहेत, थांबा. पण दहा डिसेंबरला मी टेम्पो पाठवणार. झाल्या असतील त्या हॉलमध्ये जातील, राहतील त्या सुताराकडे. चालेल ना?”

नाही कसं म्हणणार? तेवढ्यात नॅथन बाहेर आले. अमृतभाऊ म्हणाले, “काय नॅथनराव, तुम्ही पण बसा की ताईंच्या मदतीला! रक्तात आहे तुमच्या.”

नॅथन हसले. दार लावून घेतल्यासारखं हसू. “व्हॅनची वेळ झाली,” म्हणाले आणि गेले. दहा वाजून गेले होते. व्हॅनची वेळ दुपारची.

प्लायवूड. त्यावर माणसं बसतील, उठतील, कोणालाही काही फरक पडणार नाही. मग मला का पडतोय? दिवसभर हे काम टाकून पळावंसं वाटतं, आणि कोणी ते हातातून काढून घेतो म्हटलं की घट्ट धरावंसं वाटतं. हा कसला कंटाळा म्हणायचा?


बुधवार, १९ नोव्हेंबर

आज जीव रडकुंडीला आला. खुर्चीत उभ्या-आडव्या झाल्या की शेवटी दोन तिरप्या पट्ट्या घालायच्या असतात. पहिली उभ्यांच्या खालून आणि आडव्यांच्या वरून जाते, दुसरी बरोबर उलट. मी दुसरीही पहिलीसारखीच घालत गेले. निम्मी जाळी भरत आली तरी मला कळलं नाही. वीस वर्षांत ही चूक माझ्याकडून झाली नव्हती, कारण अशी पट्टी आली की हन्नाताई खालून ओढायचीच नाही. “एंजेला, डोकं कुठंय?” एवढं म्हणायची.

आज कळलं ते नॅथनमुळे. ते पाण्याचा तांब्या घेऊन दारातून जात होते. थांबलेही नाहीत. जाता जाता म्हणाले, “दुसरी पण पहिलीसारखीच चाललीय. घासून तुटेल.”

मला इतका राग आला! इतकी वर्षं हात न लावणारा माणूस दारातून चुका काढतो. मी म्हटलं, “एवढं दिसतं तर येऊन घाला की.”

ते आत गेले. टीव्ही लागला.

सगळ्या तिरप्या उसवल्या. उसवताना मात्र विचार आला, एवढ्या लांबून त्यांना दिसलं कसं? मला जवळून दिसलं नाही.

राजनंदिनीला उद्याच हो सांगून टाकावं असं वाटतंय. पण आधी हन्नाताईला भेटून येते. तिला परत ये म्हणावं, असं मनात आहे. नाताळपर्यंत तरी.


रविवार, २३ नोव्हेंबर

उपासना झाल्यावर राहात्याला जाऊन आले. बसवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण परतीच्या बसचा कंडक्टर “नगर, नगर, नगर” असंच ओरडत होता.

हन्नाताई ऑफिसच्या खोलीत टेबलामागे बसली होती. पुढे चष्मा, हजेरीचं रजिस्टर, एका मुलीची तुटलेली चप्पल. केस नीट विंचरलेले, पदराला पिन. मला पाहून उठली नाही लगेच, दोन क्षण तशीच बसून राहिली, मी नीट बघावं म्हणून.

“कशी दिसते?”

“मोठ्या बाईसाहेबांसारखी.”

“मग! सारा जन्म खुर्चीच्या खाली गेला, एंजेला. आता खुर्चीवर बसते. पोरी येऊन ‘मॅडम, येऊ का आत’ म्हनत्यात. पहिल्या दिवशी मीच मागं वळून बघितलं, कोन मॅडम हाय म्हनून.”

हे ऐकल्यावर मी तिला काय म्हणणार होते, चल, पुन्हा खाली बस? पण तिला काय कळत नाही? पेरू कापता कापता म्हणाली, “काम चालत न्हाई ना?”

“कंटाळा येतो ताई. कामच नकोसं झालंय.”

“कामाचा कंटाळा तुला पयल्यापासून हाय. रोज यायचा. रोज मी ऐकायचे. आता ऐकायला कोन न्हाई, एवढंच.” मग माझ्यासमोर मीठ-तिखट लावलेली फोड धरून म्हणाली, “नाथाला सांग की.”

“ते? पट्टीला हात लावत नाहीत. माहीतय ना तुला.”

“मला माहीत हाय. तुला माहीत न्हाई.”

मग तिने सांगितलं. वीस वर्षं मी या घरात आहे आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या आधी नॅथन खाली बसायचे. लहान होते, सातवी-आठवीत. बोटं बारीक, काम चटचट. पप्पांना एकदा त्यांच्याच शाळेतल्या खुर्च्या विणायचं काम मिळालं. शाळेच्या व्हरांड्यात बसून करायचं. मधली सुट्टी झाली, मुलं जमली. वर पप्पा आणि खाली नॅथन. पप्पांनी नेहमीसारखी हाक मारली, “खालच्या, घे!”

“झालं,” हन्नाताई म्हणाली. “पोरांनी तोच शब्द धरला. वर्गात खालच्या, मैदानात खालच्या. मास्तर हजेरी घेताना मागनं कोनीतरी हळूच, खालच्या. आपल्या जातीवरनं तो शब्द म्हनायला पोरांना निमित्तच पाहिजे हुतं. पप्पांनीच दिलं ते, आन् पप्पांना कधी कळलं न्हाई. नाथा घरी येऊन म्हनला, मी आता खाली बसनार न्हाई. पप्पा म्हनले, आळशी हाय. मंग मी बसले.”

“तुला नाही वाटलं काही?”

“मला शाळेत कुठं घातलं हुतं?” ती सहज म्हणाली आणि पेरूच्या बिया ताटलीत टाकल्या.

निघताना दारात म्हणाली, “तू कधी खाली बसून बघितलंस का गं? एकदा बस. तुला आपलं वरूनच सगळं दिसतं असं वाटतं.” चेष्टेनेच म्हणाली, पण मला बसमध्ये सगळा रस्ता ते टोचत राहिलं.

आम्ही दोघी दिवसातून शंभरदा म्हणायचो. वरची, खालची. खालचे, ओढ गं. खालची झोपली का? आणि आत टीव्हीचा आवाज वाढायचा.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

नॅथन फेरीला गेल्यावर खाली बसले. पाटावर. लाजल्यासारखं होऊन आधी दाराला कडी घातली.

तिथे मान वर करूनच बसावं लागतं. आधी काहीच कळेना. मग खिडकीतलं ऊन वर आलं आणि अर्धी विणलेली जाळी उजळली. प्रत्येक भोकात उजेडाचा एकेक तुकडा. कुठे पट्टी ढिली आहे, कुठे उलटी गेली आहे, ते इथून सरळ दिसतं. शोधावं लागत नाही.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. वर जाळीवर माझा मोबाईल पालथा ठेवला होता. त्याची काळी काच जाळीतून स्वच्छ दिसत होती. तेव्हा लक्षात आलं, वर माणूस बसलेलं असलं तर त्याचं तोंड इथून असंच दिसत असणार. पूर्ण. मला वरून कधी हन्नाताईचं तोंड दिसलं नाही. दिसायची ती बोटं. तिला मात्र माझं तोंड सगळी वर्षं दिसत होतं. म्हणून तर माझी आई गेली त्या आठवड्यात मी काही न बोलता ती म्हणायची, “आज ऱ्हाऊ दे, उद्या करू.” मला वाटायचं, हिला कसं कळतं? मी ते तिच्या भल्या स्वभावावर घालायचे. स्वभाव चांगला होताच. पण ती बघतही होती.

मी तिला कधी बघितलं नाही. कंटाळा माझा, दुःख माझं, सगळं वरून खाली सोडत राहिले आणि ती ओढून घेत राहिली.

बराच वेळ बसून होते. मान अवघडली. दाराची कडी वाजली तेव्हा उठले. नॅथननी माझ्या केसांकडे पाहिलं. वेताचा भुसा पडला होता. बादली उचलून आत नेली, कोमट पाणी भरून आणली आणि जागेवर ठेवली. कोणी सांगितलं होतं? मी केलं असतं की.


बुधवार, २६ नोव्हेंबर

सकाळी राजनंदिनी जिन्यात भेटली. बहिणीला शनिवारपर्यंत नक्की सांगायचंय म्हणाली, नाहीतर ती दुसरी बाई बघेल. हो किंवा नाही, संध्याकाळी सांगते म्हटलं.

एकटीने हे काम माझ्याने पुढे होणार नाही, एवढं आता मला कळलंय. हात चालतील, मन चालणार नाही. मसाल्याच्या कारखान्यात निदान माणसं असतील. दहा तारखेला टेम्पो येईल, उरलेल्या खुर्च्या सुताराकडे जातील, हॉलमध्ये नाताळ होईलच.

पण त्याआधी एक विचारून बघणार आहे. एकदाच.

नॅथन आत्ता पहिली फेरी करून आलेत. आत कॉटवर आहेत. टीव्ही अजून लावलेला नाही. हन्नाताईने जे सांगितलं ते मला माहीत आहे असं मी त्यांना कळू देणार नाही. ते त्यांचं आहे, त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगतील. मदत करा असंही म्हणणार नाही, अमृतभाऊ म्हणाले तसं. वरची-खालची हे शब्द तर या घरात पुन्हा काढायचेच नाहीत.

ते नाही म्हणतील. मला त्यांचं वाक्यही माहीत आहे, व्हॅनची वेळ झाली. दारातून चूक सांगणं वेगळं आणि बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या उघड्या खिडकीसमोर येऊन बसणं वेगळं. तीस-पस्तीस वर्षं ज्या कामाकडे पाठ फिरवली, त्याच्याकडे बायकोने विचारलं म्हणून कोण तोंड करेल? नाही म्हणाले तर राजनंदिनीला हो सांगेन. रागावणार नाही. कदाचित थोडी रागावेन.

घडवंच्या लावल्यात. पहिल्या तिरपीपर्यंत आलेली खुर्ची वर ठेवलीय. वेत भिजलाय. पाट मी माझ्यासाठी मांडलाय आणि वर पप्पा बसायचे ते स्टूल पुसून ठेवलंय. नॅथन बोलले नाहीत तरी चालेल, मला खालून तोंड दिसेल.

आता वही मिटते आणि दारात जाऊन म्हणते, “अहो, फेरीला अजून वेळ आहे ना? तेवढा वेळ स्टुलावर बसाल का? खाली मी बसते.”